कपाटातला कोरडा आवाज

जेवण उरकून रेकॉर्डिस्ट आपल्या खोलीत मशीनसमोर बसला. काम अर्ध्या तासाचं होतं. लेकीचे दिवस भरत आले होते आणि तिला आईची अंगाई हवी होती, लहानपणी ऐकलेली तीच. आईला जाऊन आठ महिने झाले होते. तिचा आवाज आता एकाच ठिकाणी उरला होता, या चार ट्रॅकच्या घरगुती रेकॉर्डरच्या पहिल्या ट्रॅकवर. "एक कॉपी काढून ठेवा हो बाबा," लेक दहादा म्हणाली होती. पण लोकांच्या गाण्यांच्या तीन-तीन कॉप्या काढणारे हे गृहस्थ घरचं काम उद्यावर ढकलण्यात पटाईत.

अंगाई त्याने बायकोला कपड्यांच्या कपाटात उभं करून घेतली होती. कपड्यांत आवाज घुमत नाही, अगदी कोरडा मिळतो. एको मागाहून हवा तेवढा घालता येतो.

"अहो, जीव गुदमरतो माझा इथे," ती म्हणाली होती.

"दोनच मिनिटं," म्हणत त्याने कपाटाचं दार बाहेरून लावलं होतं. ते आठवून आता त्याला फार वाईट वाटलं.

त्याने रेकॉर्डचं बटण दाबून टेप सुरू केली आणि एकोचं बटण हळूहळू फिरवलं. तिचा आवाज कपाटातून बाहेर आला, मग एका मोठ्या, रिकाम्या खोलीत उभा राहिला. त्याला बरं वाटलं. नुसता एको कसा लागतो ते ऐकावं म्हणून त्याने मशीनवरचं कोरड्या आवाजाचं सरकतं बटण पार खाली ओढलं. डोळे मिटून पूर्ण अंगाई ऐकली आणि मग टेप थांबवली.

एको तीन सेकंदांत विरायला हवा होता. तो विरला नाही. टेपची चाकं स्थिर होती, आणि स्पीकरमधून ती खोली तशीच ऐकू येत होती... माणूस असलेल्या खोलीसारखी. मग चपला वाजल्या. डावा पाय किंचित ओढत चालण्याची तिची सवय होती.

तेव्हा कुठे त्याचं रेकॉर्डिंगच्या लाल दिव्याकडे लक्ष गेलं. एको घातलेलं गाणं दुसऱ्या ट्रॅकवर घ्यायचं होतं. त्याने बटण पहिल्या ट्रॅकचं दाबलं होतं. मूळ आवाज वाजता वाजता पुसला गेला होता, आणि त्या जागी नवं काहीच उमटलं नव्हतं. याच चुकीसाठी त्याने आयुष्यभर नवशिक्यांना फैलावर घेतलं होतं. आता ती उरली होती फक्त त्या एकोत. मशीन बंद केली की तीही संपणार.

फोन वाजला. "बाबा, झालं का?"

"होतंय गं... ठेव तू."

त्याने एकोला माइक जोडला.

"अगं... मी इकडे आहे."

चपला थांबल्या. मग ती कुजबुजली, पण त्याच्याशी नाही.

"अहो, ऐकलंत...? बाहेर कुणीतरी आहे."

तो उत्तर देणार, तोच आतून एक पुरुष बोलला. झोपेतून उठल्यासारखा, सावकाश. आवाज त्याचाच होता.

"कुणी नाही गं. चल तू. मी दार लावतो."

पावलं लांब गेली. दोघांची. आवाज दाखवणारा मशीनवरचा काटा शून्यावर आला आणि स्पीकरमधली खोली निघून गेली. "अगं, थांब," तो माइकमध्ये म्हणत राहिला. आठ महिन्यांत तो इतका एकटा कधीच पडला नव्हता.

मग कडी लागल्याचा आवाज आला. त्याला एको नव्हता. तो अगदी कोरडा होता, आणि त्याच्या पाठीमागून आला होता.

रेकॉर्डिस्टने वळून पाहिलं. जेवून येताना उघडं ठेवलेलं खोलीचं दार लागलं होतं, आणि त्या दाराला कडी फक्त बाहेरूनच होती.