साडेसात, सव्वासात

"तीन दिवसांना जेवढी जागा, तेवढीच सात दिवसांना? मग लोकांनी कॅलेंडर छापायचं तरी कशाला!"

कुरकुर प्लायवूडच्या पलीकडून आली. नाशकात गंगापूर रोडच्या एका गल्लीत माझं टायपिंग-बाइंडिंगचं छोटं दुकान आहे. आत दोन टेबलं, मध्ये प्लायचा आडोसा. पलीकडचं गिऱ्हाईक नुसतं सुस्कारलं तरी अलीकडे कळतं. मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते. बारावीनंतर शिकले ती एक्सेलकडून, तीही चुका करकरून. त्यामुळे दुसऱ्याची चूक मला आवाजावरून ओळखू येते.

"लाइन चार्ट घेतलाय ना?" मी बसल्या जागेवरून विचारलं.

पलीकडून अगदी सावध आवाज... "हो. का?"

"त्याला दिवस कळत नाहीत. तीन काय, सात काय, त्याला ती नुसती नावं. शेजारी शेजारी उभी करतो. स्कॅटर घ्या, मग अंतर खरं येईल."

दोन-तीन क्लिक ऐकू आले. मग आडोशाच्या कडेने एक चेहरा डोकावला. चष्म्यावर पावसाचे थेंब, केस ओले, आणि डोळ्यांत परीक्षेत पास झालेल्या मुलासारखा आनंद.

"मॅडम, आला की हो!"

"मॅडम नका म्हणू. संजना."

"रवी," तो म्हणाला. आणि दोघंही उगाचच स्क्रीनकडे बघायला लागलो.

रवी एका कॉलेजात प्रयोगशाळा सहाय्यक होता. नोकरी सांभाळून पीएचडी करत होता. चाळीत, म्हणजे हवा खेळती ठेवणाऱ्या शेडमध्ये, साठवलेला कांदा किती दिवसांत किती वजन गमावतो, हा विषय. चांदवडजवळच्या त्याच्या गावी, घरच्या चाळीत, दहा-दहा किलोच्या बारा जाळीदार पिशव्या टांगल्या होत्या. सुरुवातीला दर दोन-तीन दिवसांनी, पुढे दर बुधवारी वजन. तो नाशकात, म्हणून वजन घ्यायची त्याची आई, सुलाबाई. पिशवी काट्याला अडकवायची, फोन स्पीकरवर ठेवायचा आणि एकेक आकडा सांगायचा. रवी तो कागदावर उतरवायचा आणि गुरुवारी संध्याकाळी माझ्याकडे यायचा.

आता एका आलेखासाठी किती गुरुवार लागतात? एक. फार तर दोन. पण आलेखातले ठिपके गोल असावेत की चौकोनी, यातच एक गुरुवार गेला. पुढच्या वेळी गोल चौकोनी झाले. मागची राखाडी जाळी काढली. अक्षावरच्या बारीक खुणा आत वळवल्या, कारण गाइडना तशा आवडतात. त्याच्या पुढच्या गुरुवारी त्या परत बाहेर.

"गाइडचं मन बदललं?" मी विचारलं.

"नाही... माझंच," तो म्हणाला. "बाहेर बऱ्या दिसतात. तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, तुम्हाला हे सगळं घरी करता येतं."

तो लाल झाला. "येतं," एवढंच म्हणाला आणि छत्री विसरून गेला. ती मी दुकानात आठवडाभर उघडी वाळत ठेवली. दुसऱ्याच दिवशी ती कोरडी ठणठणीत झाली होती, तरीही.

तो वाचायचा, मी टाइप करायचे. "नऊ पॉइंट चौतीस. नऊ पॉइंट बारा. आठ पॉइंट सत्त्याण्णव." वाचता वाचता त्याचा आवाज माझ्या बोटांच्या वेगाला यायचा. कधी मी मुद्दाम हळू टाइप करायचे.

ऑगस्टच्या मध्यावर एका गुरुवारी तो वाचत होता, "साडेआठ. सव्वाआठ. पावणेनऊ. साडेआठ..."

माझी बोटं थांबली. काटा डिजिटल होता, तो कधी साडे-सव्वा बोलत नाही. तेरा ऑगस्टच्या रकान्यात बाराच्या बारा आकडे पंचवीस, पन्नास, पंच्याहत्तर किंवा शून्यावर संपत होते. मी रवीकडे पाहिलं. तो कागदाकडे बघत राहिला, जणू कागदावर अजून काही लिहिलेलं असेल.

मी आकडे होते तसे टाइप केले. सप्टेंबर संपेपर्यंत दर गुरुवारी तेच. आलेखात खरे ठिपके कसे असतात... थोडे वर, थोडे खाली, अंगणात टाकलेल्या दाण्यांसारखे. इथे मात्र तेरा ऑगस्टपासून एकेका पिशवीची रेघ पायऱ्या पायऱ्यांनी उतरत होती.

शेवटी तोच म्हणाला, हलक्या आवाजात. "दशांशाचे शेवटचे आकडे थोडे इकडेतिकडे केले तर? कुणाला कळणार नाही."

"तुम्हाला केव्हा कळलं?"

"पहिल्याच बुधवारी." त्याने चष्मा काढला. "आई पिशवी हातात धरून सांगते, संजना. काट्यावरचे आकडे... तिला..."

वाक्य तिथेच राहिलं. मग तुटक तुटक कळलं. त्याचे वडील, सहादू, बारा वर्षांपूर्वी किरकोळ ऑपरेशनला म्हणून चालत दवाखान्यात गेले आणि घरी आणावं लागलं ते त्यांचं प्रेत. तेव्हापासून त्या घरात कुणी कुणाच्या दुखण्याचं नाव घेत नाही. आईने सांगितलं तर मुलगा डॉक्टरकडे नेणार. मुलाने विचारलं तर आई बुधवारच्या वजनांतून बाद होणार, आणि तीच वजनं तिचा आठवडा होती. म्हणून दोघं फोनवर साडेसात-सव्वासात बोलत होते.

"खोटे आकडे नाहीत हे," मी म्हटलं. "हाताचे आकडे आहेत. ते तसेच दाखवता येतात. तिथून पुढचे ठिपके पोकळ करायचे. प्रत्येकाला वर-खाली छोटी दांडी द्यायची, एरर बार. म्हणजे वजन एवढं इकडेतिकडे असू शकतं, अशी कबुली. फक्त हाताचा अंदाज किती चुकतो ते एकदा मोजावं लागेल. आईंच्या समोर."

"ते नाही जमणार."

"मग दुसरं मलाही नाही जमणार. ठिपके सरळ रेषेत बसवायला मी शिकले. खोटे ठिपके काढायला नाही शिकले... आणि शिकायचंही नाहीये."

तो गेला. पुढचा गुरुवार आला, तो नाही. त्याच्या पुढचाही नाही. मी गिऱ्हाइकांचे बायोडेटा टाइप केले, हळदीकुंकवाची निमंत्रणं केली, आणि रोज संध्याकाळी सहा वाजता प्लायकडे कान लावून बसले. छत्तिसाव्या वर्षी हे शोभत नाही, हे मला माहीत होतं.

ऑक्टोबरच्या एका शनिवारी पलीकडून हळूच आवाज आला. "उद्या चांदवडला याल?"

सकाळी महामार्ग स्टँडवरून एसटी धरली. पिंपळगाव गेलं तरी तो गप्प. मग खिडकीची काच उघडझाक करत म्हणाला, "थीसिस झाल्यावर विचारणार होतो... पण थीसिसचं काही खरं नाही. आपण... म्हणजे, तुम्ही आणि मी... लग्न..."

वाक्याला ना सुरुवात होती ना शेवट. पण माझ्या आयुष्यात इतकं नीट वाक्य कुणी बोललं नव्हतं.

"उत्तर तयार आहे," मी म्हटलं. "पण आज तुमच्या घरात ते एक बोलणं होऊ दे. मग देते. मला न बोलण्याच्या घरात राहायला नाही जमायचं, रवी."

सुलाबाई दारातच उभ्या होत्या. "जय भीम, आई," मी म्हटलं. त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि हसल्या. "जय भीम. हीच का ती गुरुवारवाली?"

"आई!"

"आई काय? दर गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालतोस, म्हने मनोज. तुझ्याच खोलीत राहतो ना तो? मला काय इथं बसून कळत नाय का?"

चहा ओतताना त्यांनी कपाच्या काठावरून एक बोट आत धरलं होतं. चहा बोटाला लागला तेव्हा थांबल्या. रवीने ते पाहिलं आणि चुलीकडे तोंड केलं.

चाळीत कांद्याचा कोरडा, गोडसर वास होता. रवीने सांगितलं, गाइडला पाहिजे म्हणून पुन्हा एकदा वजन घ्यायचंय. आईने हाताने सांगायचं, तो काट्याने बघणार. का, हे सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. पिशवी दोन्ही हातांनी धरायच्या, जरा वर-खाली करायच्या, डोळे मिटायच्या.

"साडेसात."

काटा म्हणाला सात पॉइंट एकेचाळीस.

"सव्वासात."

सात पॉइंट एकोणतीस.

बारा पिशव्यांत सगळ्यात मोठी चूक एकशे दहा ग्रॅमची निघाली. मी मांडीवर लॅपटॉप घेऊन तिथेच, एका उलट्या पाटीवर बसले. तेरा ऑगस्टपासूनचे ठिपके वेगळे काढले, पोकळ केले, दांड्या दिल्या. सुंदर दिसत होतं. फक्त कोपऱ्यात, कुठला ठिपका कशाचा हे सांगणाऱ्या चौकटीत, एक्सेलने आपल्या मनाने नाव घातलं होतं : मालिका २.

"इथे काय लिहू?" मी विचारलं.

रवी म्हणाला, "लिहा... 'पद्धत ब'."

मी टाइप केलं नाही. कर्सर लुकलुकत राहिला.

"काय इचारती ती?" सुलाबाई म्हणाल्या.

"काही नाही आई. एक नाव पाहिजे. या ठिपक्यांना."

"कोणते ठिपके?"

रवी आईसमोर खाली बसला. त्यांचे हात हातात घेतले. "आई..." म्हणाला. पुन्हा "आई..."

सुलाबाईंनी एक हात सोडवून घेतला. त्याच्या चेहऱ्यावरून फिरवला, कपाळ, भुवया, चष्मा, जणू पिशवीच तोलून बघत होत्या.

"राहू दे. तुला नाय व्हायचं ते," त्या म्हणाल्या. "तुझ्या बापावर गेलास." मग मान माझ्याकडे वळवली. "पोरी, कवापासनं धरलेत तू ते ठिपके?"

"तेरा ऑगस्टपासून, आई."

"चुकलं. सहापासनं धर. त्या बुधवारी मी पॉइंटाचे आकडे मनानं सांगितले, याला कळू नये म्हणून. मग माझीच मला लाज वाटली. पुढल्या खेपेपासनं हातात येईल तेच सांगितलं."

सहा ऑगस्टचे आकडे ना काट्याचे ना हाताचे, म्हणून मी ते ठिपके पुसून टाकले. माझा डावा हात रवीच्या खांद्यावर केव्हा गेला, मला कळलं नाही. त्याला कळलं. त्याने मान न वळवता त्यावर गाल टेकवला. उत्तर मिळालं होतं त्याला.

"आणि नाव काय लिहू, आई?"

सुलाबाईंनी पदर नीट केला, फोटो काढताना करतात तसा.

"लिही," त्या म्हणाल्या. "सुलाबाईला दिसत नाय."