फक्कीचा रस्ता

“ओ मॅडम, गाडी काढा बाजूला. नांगरायचंय मला.”

मी वळून पाहिलं. ट्रॅक्टरवर एक उंच, सावळा मुलगा बसला होता. माझ्या स्कूटीपासून दोन हातांवर येऊन तो थांबला होता.

“दिसत न्हाई का? हा रस्ता हाय,” मी म्हणाले.

“कोण म्हणतं?”

“ही फक्की म्हणती.” मी मातीवर मारलेल्या चुन्याच्या पांढऱ्या रेघांकडं बोट केलं.

तो खाली उतरला. माझ्याकडे बघत, अगदी सावकाश, त्यानं चपलेनं ती रेघ पुसली… आणि हसला. “आता काय म्हणती बघा.”

मला असला राग आला! आणि त्या रागातही याचे डोळे छान आहेत हे दिसलं, त्याचा आणखी राग आला.

मी मोनाली. घर कोरेगाव भीमाला, नोकरी रांजणगावच्या एका कंपनीत, क्वालिटीला. माझ्या मैत्रिणींनी पगारातून गंठण केलं, मी एक पैसा इकडचा तिकडे केला नाही. मला जमीन घ्यायची होती. एमआयडीसीच्या मागे दोन गुंठे, त्यावर चार खोल्या, त्या कामगारांना भाड्याने. एवढं सरळ गणित, पण माझ्या वडिलांना, आप्पांना, ते पटत नव्हतं. “पोरीच्या नावावरची जमीन लग्नानंतर परक्या घरात जाती. घ्यायचीच तर दत्ताच्या नावावर घे,” असं ते रोज जेवताना म्हणायचे. दत्ता म्हणजे माझा धाकटा भाऊ. मोबाईलचं रिचार्ज संपलं की त्याला बहीण आठवते. त्याच्या नावावर? मुळीच नाही! मी कुणालाही न विचारता बन्सी एजंटाला विसार देऊन आले होते.

आणि आता हा ट्रॅक्टरवाला माझा रस्ता पुसत होता.

“प्लॉट बन्सीशेठनं दाखवला त्योच असंल,” तो म्हणाला, “पर रस्ता आमच्या रानातनं आखलाय. आम्हाला विचारलं बी न्हाई. सातबारा बघितला का?”

“प्लॉटचा बघितला.”

“आन् रस्त्याचा?”

नवीन माणूस प्लॉट बघतो, कोपरा बघतो, पूर्व-पश्चिम बघतो. पायाखालचा रस्ता कुणाचा, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

“चार खोल्या बांधाल हो… भाडेकरू काय हेलिकॉप्टरनं येणार?”

“तुमचं नाव काय?”

“शंभू. का?”

“शिव्या घालायला बरं पडतं.”

तिथून मी तडक बन्सीच्या ऑफिसात गेले. रविवार होता, गिऱ्हाइकं येत होती. मी खुर्ची ओढून दारातच बसले आणि येईल त्याला सांगू लागले, “प्लॉट झकास हाय, फक्त जायला रस्ता न्हाई.” थोड्याच वेळात बन्सीनं माझा विसार परत आणून दिला, वर चहाही विचारला. बाहेर आले तर समोरच्या टपरीवर शंभू उभा. म्हणे, सहज आलो होतो.

“बघ, सांगत होतो,” आप्पा घरी म्हणाले. “पोरींचं काम न्हाई हे.”

“मी फसले न्हाई आप्पा, वाचले. आता नीट बघून घेणार.”

मग माझी प्रत्येक सुट्टी प्लॉट बघण्यात जाऊ लागली. शंभू सोबत असायचा. हरभऱ्याचे डहाळे खात आम्ही बांधाबांधानं फिरायचो. तो मला सोलून द्यायचा आणि मी कागद वाचायची.

“तुम्हाला शेतात काम न्हाई का?” मी एकदा विचारलं.

“हाय की. पर शेत तुमच्यासारखं फणकारत न्हाई… करमत न्हाई तिथं.”

मी तोंड फिरवलं. हसू लपवायला दुसरी जागाच नव्हती.

एक दिवस तो चालता चालता थांबला. “मोनाली… ह्या वणवणीची गरजच काय? लग्न झाल्यावर आमचं समदं रान तुमचंच की.”

किती गोड बोलला होता तो! आणि मला मात्र आप्पांचाच आवाज ऐकू आला. आधी भावाचं नाव, आता नवऱ्याचं.

“शंभू, तुम्ही मला आवडता. लई आवडता. पर मला समदं रान नको. मला दोन गुंठे पाहिजेत, माझ्या पैशानं, माझ्या नावावर, लग्नाच्या आधी. हे पटत नसंल तर उद्यापास्नं येऊ नका.”

तो आला नाही. फोनही नाही. कंपनीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून मी रडले, पण नवा प्लॉट बघायला गेलेच. एकटीच.

मग एका संध्याकाळी शंभूचा फोन आला. “आबांनी बोलावलंय. डांबरीला लागून आमचा एनए तुकडा हाय… भाव करायला या.”

आबा, म्हणजे त्याचे वडील सोपानराव, ओसरीवर बसले होते. “पोरी, तुला बक्षीसपत्र करून देतो. सुनेला जमीन इकली तर लोक हसतील मला.”

“मी अजून सून न्हाई, मामा. आन् बक्षीस नको, खरेदी पाहिजे. सून झाल्यावर भाव पाडून मागीन, त्यापेक्षा आत्ताच उरका.”

आबा मोठ्यानं हसले. भावात मात्र त्यांनी एक रुपया सोडला नाही, आणि मला ते फार आवडलं.

शिरूरच्या रजिस्ट्री ऑफिसात आप्पा साक्षीदार म्हणून आले, तोंड पाडूनच. “लग्न ठरतंय तर नवऱ्याचंच नाव लावू का?” वकिलांनी विचारलं.

“न्हाई. मोनाली भिमाजी गव्हाणे.”

स्वतःचं नाव ऐकून आप्पांनी मान वर केली. आणि सही करताना त्यांनी ती चांगली मोठी केली.

जमीन वडिलोपार्जित, म्हणून मुलाचीही मान्यता लागत होती. वकिलांनी वाचून दाखवलं, “सदर मिळकतीवर माझा कसलाही हक्क राहिलेला नाही.” शंभूनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि सही ठोकली.

बाहेर आप्पा आणि आबा रसाच्या गाड्यापाशी जाऊन उभे राहिले. आम्ही दोघं मागे राहिलो.

“जमिनीवरचा हक्क तर सोडलात,” मी हळूच म्हणाले. “आता दुसरा कशावर सांगायचा असंल तर… सांगून टाका.”

त्याचे कान लाल झाले. “त्याला साक्षीदार लागत्यात.”

“दोन हायत की. थांबा—” मी रसवाल्याकडं वळून हाक मारली, “आप्पा! मामा! जरा हिकडं या, शंभूला काहीतरी बोलायचंय!”