पितराच्या पाटावर

कमलेश कडावात आला तो म्हैस बघायला आलोय असं सांगत. भाद्रपदातलं चावरं ऊन, पोटरीला आलेलं भात, आणि घराघरातून वड्यांचा वास. जमिनीच्या दलालानं दिलेलं काम सोपं होतं. गौराबाई जमीन सोडत नव्हती. तिला गोठ्यात न्यायची, दोरी आवळायची, वर आढ्याला टांगायची. नवऱ्यामागं म्हातारीनं जीव दिला, असं गावच म्हणालं असतं. तो नवरा, विठू, कमलेशनंच गेल्या साली लोधिवलीला हायवेवर ट्रेलरखाली ढकलला होता. लोकांनी त्याला अपघात म्हटलं. लोकांचं काय, सोपं असेल ते म्हणतात.

दारात गौराबाई कमरेवर हात ठेवून उभी.

"म्हैस काय पळून जात नाय. आज आमच्याकडं पितर हाय. शेजारचा आबाजी पितर म्हनून बसनार व्हता, तो तापानं फणफणलाय. जेवलायस का रं?"

"नाय, पन..."

"पन कसला? आजच्या दिवशी दारात आलेला मानूस म्हंजे त्यांनीच धाडलेला. बस पाटावर. हात धू आदी, म्हशीवाल्याचे हात ते."

मेलेल्याच्या नावानं जिवंत माणूस जेवतो, आणि जेवेपर्यंत त्याच्याशी मेलेल्याशी बोलावं तसंच बोलतात. ही रीत कमलेशच्याही घरात होती. जेवून उठू, मग गोठा, असं मनाशी म्हणत तो बसला. खिशातली दोरी मांडीला रुतत होती.

तिनं गंध लावलं, पान वाढलं, आणि एकदम अहोजाहो.

"जेवा. अळू तुमच्या आवडीचं केलंय."

त्यानं घास घेतला. "चिंच कमी पडली."

हे त्याला बोलायचं नव्हतं. अळू त्यानं जन्मात कधी मिटक्या मारून खाल्लं नव्हतं.

गौराबाईचा वाढता हात थांबला. "एवढ्या दिसांनी आलात, नि तेच रडगानं?" ती हसली. डोळे हसले नाहीत.

"खालच्या खाचराचा बांध फुटलाय." त्याचं तोंड पुन्हा आपोआप बोललं.

"आज सकाळीच फुटला," ती हळू म्हणाली. "मी अजून कोनाला सांगितला नाय."

कमलेशनं ओठ घट्ट मिटले.

ती खीर आणायला वळली.

"गौरे."

ती जागीच थिजली. जगात तिला अशी हाक मारणारा एकच होता.

"या मानसाकडं पाठ करू नको."

चुलीवर तेल तडतडत राहिलं.

मेलेला माणूस मेला, तो परत काही मागत नाही, या एका भरवशावर कमलेश आजवर झोपत आला होता. हा मागत होता. सूड नव्हे, फक्त बायको जिवंत राहावी एवढंच, आणि तेही कमलेशच्याच तोंडानं.

तोंड पुन्हा परकं व्हायच्या आत त्याला एक वाक्य स्वतःचं हवं होतं.

"मीच ढकलला त्यांना." आवाज फाटका होता, पण त्याचाच. "आनि आज तुमच्यासाठी आलतो." त्यानं दोरी काढून पानाशेजारी ठेवली.

गौराबाईनं त्याच्या तोंडाकडं बघत पानात खीर वाढली.

"जेवा," ती म्हणाली.

कोणाला म्हणाली, ते त्याला कळलं नाही.

इतक्यात तिची सून हर्षला मागच्या दारानं ओले हात पुसत आत आली. तिनं यातलं काहीच ऐकलं नव्हतं. तिला दिसली ती नुसती त्याची पाठ.

ती उंबऱ्यातच थबकली. सासरा गेल्यापासून कोणासमोर न घेतलेला पदर तिनं घाईनं डोक्यावर ओढला.

"मामंजी," ती खाली बघत म्हणाली, "ताक आणू?"