चुकीचं पाकीट

वाटाघाटींच्या परीक्षेतलं आपलं पाकीट उघडून तिने पहिली ओळ वाचली आणि ती थबकली. 'तुमचा अशील, भाडेकरू, वरवर ताठर आहे, पण मनातून तयार आहे.'

तिचा अशील तर घरमालक! म्हणजे या गोपनीय सूचना टेबलापलीकडच्या, आजवर कधी न पाहिलेल्या निळ्या टायवाल्याच्या होत्या. तिने कागद पालथा घातला.

"मॅडम, पाकिटांची अदलाबदल झालीय."

प्रशिक्षक मॅडमनी घड्याळ पाहिलं. "वीस मिनिटं आहेत. आहे त्यावर वाटाघाटी करा."

"समोरच्याचं गुपित वाचून? मग शिकाऊ सॉलिसिटर इथे शिकतात तरी काय?"

"ही तुझी शेवटची संधी आहे. उठलीस तर शून्य. ऑफिसही तुला ठेवणार नाही."

माहीत होतं. तरी ती उठली. तिथल्या तिथे तिने तक्रार लिहिली, मुद्दे क्रमांक घालून, आणि पाकीट त्या तक्रारीला टाचलं.

समोरून एक हात पुढे आला. "पेन द्या."

"कशाला?"

"सही करायला. तुमचं पाकीट माझ्याकडे आलंय. हा अशील माझा नाही, हे मला तिसऱ्या पानावर कळलं."

"तिसऱ्या?"

"पहिली दोन पानं मी... तुमच्याकडे बघत होतो."

"तुम्हालाही शून्य मिळेल हं!"

"मिळू दे की. तुमच्या शेजारचं शून्य आहे."

पेन देताना बोटं बोटांना लागली. त्याची थंडगार होती. म्हणजे घाबरला होता तोही!

मॅडमनी कागद ओढून दोन्ही सह्या पाहिल्या. एका हट्टी मुलीला शून्य देऊन मोकळं होता आलं असतं. दोघांच्या शून्याचं कारण मात्र वरिष्ठांना द्यावं लागणार होतं. "शनिवारी या," त्या पुटपुटल्या. "नवीन पाकिटं देते."

शनिवारी तिने त्याला एकही मुद्दा फुकट सोडला नाही. दोघंही पास झाले.

जिन्यात त्याने विचारलं, "त्या दिवशी पहिल्याच ओळीवर थबकलात. होतं तरी काय तीत?"

"गोपनीय आहे."

"अहो, संपली ना ती परीक्षा!"

"वरवर ताठर, पण मनातून तयार." ती कठड्याला टेकली. "अशील तुमचा होता. ओळ... माझ्यावरच लिहिल्यासारखी आहे."

तो दोन पायऱ्या खालीच थांबला. "मग तडजोड करायची?"

"तडजोड नाही. माझी मागणी पूर्ण मान्य हवी."

"मागणी काय?"

"आधी ते 'तुम्ही' बंद कर."