मागचं डावं चाक

गाडी सपाट उभी नसेल तर माणूस झोपेत घरंगळतो, फ्रीज रुसून बसतो आणि बेसिनमधलं पाणी भलत्याच बाजूला धावतं, हे बाबांनी तिला पहिल्याच मुक्कामी ऐकवलं होतं. त्यामुळे जलाशयाकाठच्या त्या तळावर पोचल्यावर इंजिन बंद होतं न होतं तोच ते पाणसळ घेऊन खाली उतरले. काचेच्या नळीतला हिरवा बुडबुडा मधल्या दोन रेघांत येईपर्यंत चहा नाही, असा त्यांचा खाक्या होता.

"जरा पुढे घे. अजून. बस, बस, बस!" पुढच्या चाकाखाली लाकडी पाचर सरकवून त्यांनी अंगठा वर केला. "आता गोटी ठेवलीस तरी हलायची नाही."

बाबा म्हणजे तिचे सासरे. सारा जन्म लोखंडी सामानाच्या दुकानात गेलेला, त्यामुळे हात रिकामा राहिला की त्यांना करमत नसे. ही गाडी मूळची माल पोचवणारी जुनी व्हॅन. त्यांच्या मुलाने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, ती घेऊन तिच्यात पलंग, शेगडी, बेसिन सगळं आपल्या हाताने बसवलं होतं. पलंगाच्या फळ्या मूळच्या मागच्या सीटवरच ठोकल्या होत्या, तिचे पट्टेसुद्धा तसेच होते. पहिल्या सफरीला निघायच्या आधीच तो आजारी पडला, आणि मग सफर राहूनच गेली. तो गेल्यावर गाडी बरेच महिने अंगणात उभी होती. एक दिवस बाबा म्हणाले, "उभी राहून गंजेल. चल, आपण दोघं फिरवून आणू." तिच्याकडे नाही म्हणायलाही कारण नव्हतं.

कशालाच कारण नव्हतं. दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर गाल असतो ना, आपलाच असून आपला नसल्यासारखा, तशी ती सगळीच झाली होती. वजनकाटे तपासायची तिची नोकरी होती. दुकानं, गोदामं, इस्पितळं, जिथे जिथे काटा असेल तिथे जाऊन तो खरं बोलतो की खोटं हे बघायचं. ते काम ती पूर्वीसारखंच चोख करत होती. घरी आल्यावर मात्र दिवा लावायचं राहून जाई.

बाबा तिला गप्प बसू देत नसत. ताटल्यांच्या मध्ये कागद घाल, म्हणजे वळणावर खडखडाट होत नाही. फ्रीजमध्ये स्प्रिंगचा दांडा आडवा लाव, बाटल्या अंगावर येत नाहीत. डोक्याला बांधायची विजेरी पाण्याच्या कॅनला आतल्या बाजूला तोंड करून बांध, सगळी गाडी कंदिलासारखी उजळते. प्रत्येक युक्ती सांगून झाली की ते तिच्या तोंडाकडे बघत. ती "वा, छानच" म्हणायची, आणि त्यांना तेवढं पुरत असे.

तळावर गर्दी नव्हती. हंगाम सरत आला होता. राखणदाराने फाटक उघडताना म्हटलं होतं, "कुठेही लावा, सगळं आपलंच आहे." पाणी राखाडी, काठाला वाळकं गवत, आणि लांब दुसऱ्या टोकाला एकच पांढरी गाडी. ती गाडीही दुसऱ्या दिवशी निघून गेली.

त्या दिवशी सकाळी बुडबुडा रेघांच्या बाहेर होता. गाडी मागे डावीकडे कलली होती.

"जमीन मऊ आहे," बाबा म्हणाले आणि त्या चाकाखाली पाचर ठोकून मोकळे झाले. दुपारी जेवणाची भांडी विसळताना तिला पाणी बेसिनच्या डाव्या कोपऱ्यात साठलेलं दिसलं. पाणसळ पाहिली. पुन्हा तेच.

मग तिने गाडी नळाजवळच्या सिमेंटच्या चौथऱ्यावर नेऊन लावली. तिथे जमीन खचायचा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी गाडी कललेली होती. मागे डावीकडे.

दुसऱ्या दिवशी तिने पाण्याची टाकी रिकामी केली. त्या बाजूच्या कपाटातली अवजारं, दोर, घडीची बादली, सगळं बाहेर काढून गवतावर मांडलं. चाकांतली हवा पाहिली, स्प्रिंगच्या कमानी हाताने चाचपल्या. कुठे काही तुटलेलं नव्हतं. आता मागच्या भागात दोन माणसांच्या पलंगाशिवाय काहीच नव्हतं. त्या पलंगावर ती उजव्या कडेला झोपायची. बाबा पुढच्या बाकावर झोपत.

डाव्या कडेला कुणी झोपत नव्हतं.

"थांब, माझ्याकडे औषध आहे," बाबा उत्साहाने म्हणाले. सीटखालून त्यांनी एक खोकं काढलं. चाकाखाली ठेवायचा चपटा काटा होता, गाडीत सामान सारखं लावलंय का ते बघायला. "तुझ्याच जातीची वस्तू. म्हटलं कधी तरी दाखवीन."

ते खोकं कशासाठी जपून ठेवलं होतं हे तिला कळलं. तिला हसवायला. ती हसली.

आधी काटाच तपासायचा, ही तिची सवय. भरलेला कॅन ठेवून पाहिला, काढून पाहिला, पुन्हा ठेवला. काटा खरा होता. मग त्यांनी मागचं डावं चाक त्यावर चढवलं आणि दोघं बाहेर उभे राहिले. दुपारची वेळ होती, ऊन पांढरं, वारा अजिबात नव्हता. गाडीचं दार उघडं होतं आणि आत कुणी नाही हे दोघांनाही दिसत होतं.

आकडा वाढायला लागला.

काही पडलं की आकडा उडी मारतो, हे तिला माहीत होतं. हा उडाला नाही. आधी थोडा चढला, थबकला, मग सावकाश चढत गेला. माणूस आधी कडेला टेकतो, मग पाय वर घेतो, मग आडवा होतो, तसा.

ती गुडघे टेकून बघत राहिली. पोतं ठेवलं की आकडा ठरतो. जिवंत माणूस असला की शेवटचा आकडा ठरत नाही. तो श्वास घेतो ना. इस्पितळांतले काटे तपासताना तिने हे हजारदा पाहिलं होतं.

शेवटचा आकडा ठरत नव्हता.

"आला," बाबा हळूच म्हणाले.

"बाबा."

"अगं, त्याची जागा आहे ती. स्वतः रंधा मारलाय त्या फळ्यांना. येणारच."

"हे वजन त्याचं नाही." तिचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. "शेवटी मी त्याला एकटीने उचलून कुशीवर वळवत होते. मला माहीत आहे तो केवढा होता. हे जास्त आहे."

"मग आजाराच्या आधीचं असेल," बाबा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की तिला पुढे बोलवेना.

तेव्हापासून ते त्याच्याशीच बोलू लागले. चहाचा कप घेऊन आत जायचे, पलंगाजवळ स्टूल ओढून बसायचे. ती बाहेर गवतावर पसरलेलं सामान पुसत असे आणि त्यांचा आवाज कानावर येई. "ताटल्यांच्या मध्ये कागद घालायचा, बरं का. खडखड एकदम बंद." मध्येच ते थांबत, ऐकल्यासारखे, आणि हसत. तिला आत काही ऐकू येत नव्हतं. काटा मात्र ती बघत होती. वजन सकाळपेक्षा संध्याकाळी जास्त असे, आणि दुसऱ्या सकाळी आणखी जास्त.

तिला भीती वाटायला हवी होती. भीती कुठे तरी असणार, बंद दाराआड वाजणाऱ्या फोनसारखी. दार उघडायचं बळ नव्हतं. रात्री ती आपल्या उजव्या कडेला झोपे, भिंतीकडे तोंड करून. गादी पाठीमागे खोल गेलेली असे, आणि ती घसरू नये म्हणून पलंगाची कड धरून राही.

बाबा जेवत नव्हते. "पोट भरल्यासारखं आहे बघ," म्हणायचे. पण तब्येत उतरल्यासारखी दिसत नव्हती. उलट चेहरा तुकतुकीत, चाल झपझप. दाराशी पत्र्याची घडीची पायरी होती. पाय पडला की ती टणकन वाजे. एका सकाळी तिने भांडी पुसता पुसता मान वर केली तर बाबा आत आलेले होते.

"कधी आलात?"

"आत्ताच की. समोरून तर आलो."

पायरी वाजली नव्हती.

तिने फडकं खाली ठेवलं. हाताच्या बोटांत मुंग्या आल्यासारखं झालं. बऱ्याच महिन्यांनी काही तरी जाणवलं होतं, आणि ते हे होतं.

"बाबा, आपण आज निघू या. आत्ताच."

"का गं? दोन दिवस राहू की. त्याला किती बरं वाटतंय."

"तुम्हाला डॉक्टरांना दाखवू या."

"मला काय धाड भरलीय? उलट अंगातला सगळा शीण गेलाय." त्यांनी हात वर करून ताणले, लहान मुलासारखे. "पिसासारखं हलकं वाटतंय."

तिने त्यांचा दंड धरला. सदऱ्याचं कापड बोटांना लागलं, आतला दंडही लागला, कोमट, हाडामांसाचा. तिने सुस्कारा सोडला. तिचं काही तरी चुकत होतं. झोप नाही, जेवण नाही, माणसाला भास होतात.

"ऐका माझं. माझ्यासाठी चला," ती म्हणाली.

हे तिने आजवर त्यांना कधीच म्हटलं नव्हतं. त्यांनी मान डोलावली. "तुझ्यासाठी म्हणतेस तर चल. तुझ्याइतकं जवळचं मला आता कोण आहे?" आणि पलंगाकडे वळून म्हणाले, "निघतोय रे आपण."

तिने घाई केली. सामान जसं हाताला लागेल तसं कोंबलं, पाचरी ओढल्या, काटा चाकाखाली तसाच सोडून दिला. त्याच्याकडे बघितलं नाही. मागचा पडदा लावून घेतला आणि चालकाच्या जागेवर येऊन बसली. बाबा शेजारच्या सीटवर येऊन बसले होते. मांडीवर हात ठेवून, समोर बघत, खुशीत.

"वळणावर हळू घे," ते म्हणाले. "ताटल्यांत कागद घातलेत ना?"

"घातलेत."

तिने किल्ली फिरवली. इंजिन लागलं. मागचा भाग जड असल्यामुळे गाडीचं नाक वर उचललेलं होतं, काचेतून नुसतं आभाळ दिसत होतं.

बाबांनी पट्टा लावला नव्हता. तिला काही बोलावं लागणार नव्हतं. त्या सीटवर पिशवी ठेवली तरी पट्ट्याची घंटी ठणाणा करत असे, पट्टा अडकवेपर्यंत पिच्छा सोडत नसे.

ती पायाखाली ब्रेक दाबून बसून राहिली.

"काय झालं? निघायचं ना?" बाबांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली.

इंजिन शांतपणे चालू होतं. दुसरा कसलाही आवाज नव्हता. मग पट्ट्याची घंटी वाजली, आणि समोरच्या पट्टीवर दिवा लागला, तो मागच्या सीटचा.