काचेच्या पेटीतला चष्मा

संग्रहालयाच्या दारातच राखणदाराने दाजींचे हात धरले.

“पाच वाजता व्यवस्थापक मला काढल्याचं पत्र देणार. नोकरी गेली की मागची खोलीही गेली. मी त्या चष्म्याला हात लावलेला नाही हो!”

खासगी गुप्तहेर म्हणून दाजींचे नाव होते. मेहुणा त्यांना दाजी म्हणे, म्हणून सगळेच म्हणत. मेहुणा कायम बरोबर असायचा. उपयोग मात्र क्वचित व्हायचा.

संग्रहालय म्हणजे स्वातंत्र्यलढ्यातल्या एका पुढाऱ्याचे घर. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांच्या खोल्या होत्या तशा जपल्या होत्या. अभ्यासिकेतल्या काचेच्या पेटीतून त्यांचा काळा, गोल चष्मा आज सकाळी नाहीसा झाला होता. कुलूप शाबूत होते. किल्ली राखणदाराकडेच असे.

“दाजी, माझाही चष्मा घरी राहिला,” मेहुणा म्हणाला. “इथं एक अक्षर वाचता येत नाही.”

“मग वाचू नकोस.”

तिकिटाच्या खिडकीशी पाहुण्यांनी विसरलेल्या वस्तूंचा खोका होता. छत्र्या, हातमोजे, चार-पाच चष्मे. मेहुण्याने त्यातला एक चढवला आणि भिंतीवरचा बारीक अक्षरांचा फलक घडाघडा वाचून काढला.

“फ्रेम म्हाताऱ्याची आहे, पण दिसतंय झकास!”

“पुरे!” दाजी ओरडले.

व्यवस्थापकाने उभ्या उभ्याच उत्तरे दिली.

“चौकशी कसली करताय? किल्ली याच्याकडे, चोर हाच. उद्या नेत्रतज्ज्ञ येणार आहेत. आबांच्या जुन्या कागदांवरचा नंबर भिंगांशी ताडून बघायला मीच बोलावलंय त्यांना. आता काय दाखवू? माझं डोकं?”

“चष्मा बाहेर गेला असेल?”

“शक्य नाही. दारात पिशव्या आणि खिसे तपासतात. सगळं घर उलथंपालथं केलं, याची खोलीसुद्धा.”

“चोरी आधी कुणाच्या लक्षात आली?”

“बाईंच्या. मी मागेच होतो. पाहुण्यांना घेऊन आत आल्या, पेटीकडे वळल्या आणि किंचाळल्या.”

बाई म्हणजे घराची माहिती सांगणारी. वीस वर्षे तीच माहिती सांगून तिचा आवाज सपाट झाला होता. दाजींनी तिला घर दाखवायला लावले. ती तोंड पाहुण्यांकडे आणि पाठ वस्तूंकडे ठेवून बोले. हात मात्र मागे न बघता अचूक वस्तूवर जाई.

“ही आबांची खुर्ची. हा कंदील. हा फोटो. चष्म्याशिवाय आबांना हातभर अंतरावरचा माणूस ओळखू येत नसे.”

फोटोत जाड भिंगांआड आबांचे डोळे ठिपक्याएवढे दिसत होते.

“किल्ली सारखी जवळच असते?” दाजींनी राखणदाराला विचारले.

“फरशी पुसताना खिळ्याला अडकवतो. वाकलं की कमरेत टोचते.”

“तेव्हा घरात कोण असतं?”

“साहेब आणि बाई. दोघंही लवकर येतात.”

साडेचार झाले. दाजींनी पुन्हा पेटी पाहिली, पुन्हा कुलूप पाहिले. हाती काही लागेना. मागे मेहुणा प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होता.

“अरे, तोंड मीट जरा!” दाजी गर्रकन वळले आणि मेहुण्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. मग फोटोकडे. मग पुन्हा मेहुण्याकडे.

“सगळ्यांना इथं बोलाव.”

सगळे अभ्यासिकेत जमले.

“चष्मा सापडला,” दाजी म्हणाले. “या गाढवाच्या नाकावर आहे.”

मेहुण्याने घाबरून चष्मा काढला.

“फोटोतली फ्रेम आणि ही, एकच. विसरलेल्या चष्म्यांत आणखी एक चष्मा कुणाला दिसणार? पण भिंगं बघा. आबांची जाडजूड होती. ही साधी चाळशी आहे, म्हणून तर आमचे मेहुणे फडाफडा वाचत सुटले. म्हणजे पेटीत आबांचा चष्मा नव्हताच. काचेपलीकडचा चष्मा डोळ्याला लावून कोण बघतो? उद्या मात्र नेत्रतज्ज्ञांनी हे चटकन ओळखलं असतं. म्हणून तो आजच नाहीसा व्हायला हवा होता. हे गुपित ठाऊक असतं तर साहेबांनी तज्ज्ञ बोलावलेच नसते. राखणदाराला लपवायचं असतं, तर त्यानं कुलूप फोडून ठेवलं असतं. आपल्याच किल्लीकडे बोट कोण दाखवतं?”

ते बाईंकडे वळले.

“तुम्ही वस्तूंकडे पाठ करून बोलता, बाई. आज आत येताच पेटीकडे का वळलात? ती रिकामी आहे हे तुम्हाला आधीच माहीत होतं.”

बाई खाली बघत म्हणाली, “आठ वर्षं झाली. पुसायला काढला आणि हातातून निसटला. तशीच फ्रेम शोधून आणून ठेवली. सांगितलं असतं तर मला काढलं असतं.”

“म्हणून मला काढायला निघालात?” राखणदाराने विचारले.

ती रिकाम्या पेटीकडे वळली.

व्यवस्थापकाने घसा खाकरला. “बरं, झालं ते झालं. जा, कामाला लाग.”

राखणदार जागचा हलला नाही. पाहुण्यांच्या बाकावर बसला.

“पत्र दुसरं लिहा आधी.”

“लिहितो की. चौकशीत निर्दोष ठरलास, असं लिहितो.”

“तसं नको. सकाळी चारचौघांत मला चोर म्हणालात. ‘माझी चूक झाली’ असं लिहा. खाली सही करा.”

व्यवस्थापकाने दाजींकडे पाहिले. दाजी खिडकीबाहेर बघत होते. शेवटी त्याने कागद ओढला, भराभरा दोन ओळी खरडल्या आणि पुढे सरकवल्या.

राखणदाराने ओळींवरून बोट फिरवले. सावकाश, शब्दाशब्दावर थांबत.

“साहेब, ‘गैरसमज’ खोडा,” तो म्हणाला. “मला वाचता येतं.”