शहात्तरावा दिवस

बोंडलं चांदीचं आहे. जुन्या घडणीचं, तोटी जराशी वाकडी.

सशीण पिल्लांना दिवसातून एकदाच पाजते, तेही तीन-चार मिनिटं. जाताना घरट्यात चार लेंड्या टाकून जाते.

तुकडी एकेचाळीस. थेंब : १४ जून. पिल्लं : दोनशे बारा. मृत्यू : शून्य.

जुईला दोन महिन्यांत एकदाही शिंक आलेली नाही.

‘‘ताई, एवढ्यातलं एकबी मरत नाही. मले तं भेवच वाटते.’’ बेबीबाई, जुलैतल्या एका सोमवारी.

दर सत्तराव्या दिवशी गाडी येते.

*

एकवीस ऑगस्टच्या सकाळी ऋतुजा काळमेघ चौथ्या शेडमध्ये पिंजरे तपासत होती. चिखलदऱ्याचं धुकं जाळीतून आत येऊन सशांच्या मिशांवर बसलं होतं. ती पशुवैद्य. मांसासाठी ससे वाढवणारं हे केंद्र एका खासगी कंपनीचं, पण त्याचं नाव झालं ते तिच्या ‘शिदोरी’मुळे.

शिदोरी म्हणजे एक थेंब. घरट्यातल्या त्या चार लेंड्या चाटूनच पिल्लांच्या पोटात आईकडचे जीवाणू जातात, आणि त्यांच्याशी झटापट करत पिल्लाचं शरीर स्वतःची राखण करायला शिकतं. पण तारेच्या तळाच्या स्वच्छ पिंजऱ्यात लेंड्या खाली गळून जायच्या. दूध सुटलं की तिसरा हिस्सा पिल्लं हगवणीने मरायची. ऋतुजाने आईची शिदोरी बाटलीत भरली, तीही सुधारून. तिने घडवलेला जीवाणू आतड्यात बसला की राखणीचं सगळं काम एकटाच करायचा. पिल्लाच्या शरीराला रोगाशी लढणारी प्रतिपिंडं बनवायची गरजच उरत नसे. वाचलेली ताकद सरळ वाढीला लागे. सत्तर दिवसांत तीन किलो.

‘‘माह्या नवऱ्याचं वजनबी लग्नानंतर एवढ्या लवकर वाढलं नव्हतं,’’ बेबीबाई म्हणायच्या. बेबीबाई धर्माळे, वय साठच्या पुढे. अशक्त पिल्लं सांभाळायचं काम त्यांचं. त्याच कामात, पिल्लांच्या उबदार खोलीत, त्या ऋतुजाची सात महिन्यांची जुईही सांभाळत.

जुई वेळेआधी जन्मली होती. सव्वा किलोची. ऋतुजाने तिला आजवर जमिनीवर ठेवलं नव्हतं. खाली कायम उकळून वाळवलेली चादर असे.

फोन वाजला. परतवाड्याचे डॉक्टर सावजी, जुईचे बालरोगतज्ज्ञ.

‘‘मॅडम, बसलाय का कुठे?’’

‘‘उभी आहे. बोला.’’

‘‘जुईच्या रक्तात प्रतिपिंडं जवळपास नाहीतच. इतक्या लसी दिल्या, एकीचाही माग नाही. असं मूल सतत आजारी असतं. आणि तुमची पोर...’’

‘‘ठणठणीत आहे.’’

‘‘तेच तर. दोन महिन्यांत साडेचार किलोची साडेनऊ किलो झाली. असा रिपोर्ट मी जन्मात पाहिला नाही.’’

ऋतुजाने पाहिला होता. सशांचा, दर महिन्याला पाहत होती.

पिंजऱ्यातला ससा तिच्याकडे बघत शांतपणे गवत चावत राहिला. तिच्या हातातून वजनाची पाटी खाली पडली. ती उचलायला ती वाकलीच नाही.

*

पिल्लांच्या खोलीत बेबीबाई जुईला मांडीवर आडवी घेऊन घुटी पाजत होत्या. चांदीचं बोंडलं. वाकडी तोटी.

‘‘काय झालं वं ताई? पांढरीफटक पडली तू.’’

‘‘मावशी, हे बोंडलं आणखी कुणाला लावलंत?’’

बेबीबाईंनी आधी जुईचं तोंड पुसलं. ‘‘त्या मरतुकड्या पिल्लाईले. तुहा थेंब पडला तरी दूध ओढेनात ते. माह्या सासरी बकरीचं पिल्लू असं मान टाके, तं घरच्या लेकराच्याच बोंडल्यानं पाजत. लेकराचा जीव त्याले लागते म्हणे. अन् लागला ना! एकबी गेलं नाही.’’

‘‘मावशी...’’

‘‘धुतलं होतं वं! दोनदा. बंबातल्या कढत पाण्यानं.’’

शिदोरीच्या भोवती एक कवच होतं. कढत पाण्यालाच काय, उकळत्यालाही ते दाद देत नसे. वाहतुकीत माल खराब होऊ नये म्हणून ते कवच ऋतुजानेच बसवलं होतं.

‘‘कोणत्या तुकडीला? पहिल्यांदा?’’

बेबीबाईंनी भिंतीवरच्या कार्डाकडे बोट केलं. एकेचाळीस. १४ जून.

ऋतुजा बोटांवर मोजायला लागली. जूनचे सोळा. जुलैचे एकतीस. तिची बोटं थांबली, तिने पुन्हा पहिल्यापासून मोजलं. अडुसष्ट. पुन्हा अडुसष्टच आले.

‘‘सात दिवस उरले,’’ ती म्हणाली.

‘‘कशाचे?’’

‘‘पंचाहत्तराव्या दिवशी शिदोरी मरते. रानात पसरू नये म्हणून तिच्यात घड्याळ घातलंय. सगळी एकदम मरते. आणि जुईच्या अंगात तिच्याशिवाय राखण करणारं काहीच तयार झालेलं नाही.’’

‘‘मंग अजून एक थेंब दे ना तिले!’’

‘‘दुसरा थेंब बसत नाही. मरताना ती आतड्यातली जागा जाळून जाते. तसंच बनवलंय मी. कुणी चोरून वाढवू नये म्हणून.’’

‘‘तूनं बनवलं?’’

‘‘मीच.’’

‘‘औषधानं आताच मारून टाक.’’

‘‘मग शहात्तरावा दिवस आजच.’’

जुईने बोंडलं दोन्ही हातांनी ओढून तोटी हिरड्यांत धरली. बेबीबाईंनी ते असं हिसकावलं की पोर दचकून रडायला लागली. पहिल्यांदाच कुणी तिच्या हातून काही हिसकावलं होतं.

‘‘शहात्तराव्या दिवशी सशाचं काय होते?’’ बेबीबाईंनी विचारलं.

ऋतुजाने कार्डाकडे पाहिलं. चार वर्षं, बेचाळीस तुकड्या, नऊ हजारांवर ससे. ‘‘मला माहीत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘सत्तराव्या दिवशी गाडी येते.’’

बेबीबाईंनी बोंडलं कमरेला खोचलं. मग जुईला खांद्यावर घेत उठल्या.

‘‘मले मालूम हाये,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चाल.’’

*

बेबीबाईंचं घर शेडच्या मागेच, उताराला. दोन खोल्या, शेणाने सारवलेल्या. कोपऱ्यात चार विटांच्या आडोशाला एक म्हातारी सशीण बसली होती. पिल्लं होईनात म्हणून केंद्राने काढून टाकलेली. तिच्या पाठीला टेकून एक मळकट ससा. हाडं दिसणारा, एक कान कुरतडलेला. त्याने नाक हलवलं.

‘‘हा ढब्बू. चाळीसच्या तुकडीतला. थेंब पडला त्याच दिवशी दोन मरतुकडे घरी आणले, गाडीत भरताना मोजाले मीच राहते ना. नोकरीवरून काढायचं तं काढ.’’

चाळिसाव्या तुकडीचा थेंब तीस एप्रिलचा. एकशे तेरावा दिवस. आणि ससा जिवंत होता. ऋतुजाच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला, हसण्यासारखा.

‘‘दुसरा?’’

बेबीबाईंनी मागच्या दाराकडे मान वळवली. बाहेर पपईच्या झाडाखाली एक सपाट दगड होता.

‘‘मोत्या. लय लाडाचा. माह्या उशापाशी झोपे, धुतलेल्या गोधडीवर. रोज फडक्यानं पुसत होती मी त्याले. आखाडात एका सकाळी अंग तापलं अन् दुपारचा चहा व्हायच्या आत गेला.’’

‘‘एका दिवसात?’’

‘‘एका दिवसात कुठं? अर्ध्या.’’

‘‘आणि ढब्बू?’’

‘‘तोबी पडला त्याच दिवशी. चार दिवस मान टाकून होता. पण उठला. तो पहिल्या दिवसापासून या म्हातारीपाशीच वं. तिचंच उष्टं, तिच्याच लेंड्या. कितीदा हाकललं म्यां. घाणेरडा म्हणून मीनं त्याले कधी जवळ घेतलं नाही.’’

ऋतुजा भिंतीला टेकून खाली बसली. फोन पुन्हा वाजला, तिने कसाबसा कानाला लावला. सावजी घाईत होते. ‘‘अमरावतीला बोललोय. वेगळी खोली तयार आहे, हवासुद्धा गाळून सोडतात. एक जंतू आत जाणार नाही. आजच आणा तिला. मॅडम? ऐकताय ना?’’

ती ऐकत होती. स्वच्छ खोली. गाळलेली हवा. धुतलेली गोधडी.

एक मेला, एक जगला. दोन सशांवरून कुणी निष्कर्ष काढत नाही. तिच्या हाताखालच्या कुणी काढला असता तर तिने कागद तोंडावर फेकला असता. शिवाय जुई ससा नव्हती. आणि सात दिवस म्हणजे ढब्बूला मिळालेल्या दिवसांचा दहावा हिस्साही नव्हता.

जुई बेबीबाईंच्या कडेवरून खाली झेपावत होती. बेबीबाईंनी ऋतुजाकडे पाहिलं. ऋतुजा नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. बेबीबाईंनी हात सैल सोडले. पोर त्यांच्या हातांतून घसरत सारवलेल्या जमिनीवर आली, आयुष्यात पहिल्यांदा. तिने तळवा आपटून पाहिला. मग पोटावर सरकत विटांपाशी गेली. म्हातारी सशीण जागची हलली नाही.

जुईची मूठ जमिनीवर मिटली आणि तोंडाकडे निघाली.

ऋतुजाचा हात ती मूठ धरायला पुढे गेला. वाटेत थांबला. फोनमधून सावजी विचारत होते, ‘‘निघताय ना? मॅडम, निघताय ना?’’

सात दिवसांत एखादं शरीर किती शिकू शकतं?

*

शिदोरीच्या परवान्याच्या अर्जात एकोणिसावा रकाना होता : ‘पंचाहत्तर दिवसांनंतर प्राण्यावर होणारा परिणाम’. ऋतुजाने त्यात ‘लागू नाही’ असं लिहिलं होतं.